पैसे अडकलेत: लिएन लावायचा, अ‍ॅडज्युडिकेशनला जायचं की सरळ स्मॉल क्लेम्स? (ओंटारियोतल्या छोट्या कॉन्ट्रॅक्टरसाठी)

काम संपलं, घरमालकाने नव्या बेसमेंटमध्ये भाडेकरू पण आणून ठेवला, आणि शेवटचे अठरा हजार डॉलर काही येत नाहीत. फोन उचलत नाही, उचललाच तर "पुढच्या आठवड्यात बघू". ब्रॅम्प्टन, मिसिसागा, मिल्टन या पट्ट्यात रिनोव्हेशन, टाइल्स, ड्रायवॉल असली कामं करणाऱ्या प्रत्येकाच्या नशिबी हे कधी ना कधी येतंच, आणि मग साइटवरचं कोणीतरी सांगतं, अरे लिएन लाव ना घरावर, आपोआप येईल पैसे घेऊन. कधी येतो, कधी नाही येत. (लिएन म्हणजे घराच्या टायटलवर, मालकीच्या सरकारी नोंदीवर, आपल्या बाकीची नोंद.) मी वकील नाही, या धंद्यातल्या काही लहान कंपन्यांचे हिशेब आणि इनव्हॉइसिंग बघतो, त्यामुळे कोणाला कुठला रस्ता लागू पडला आणि कोणाचे पैसे वकिलाच्या फीमध्येच गेले हे वह्यांमध्ये दिसत राहतं. तेवढ्यावरून लिहितोय.

आणि हे सगळं फक्त ओंटारियोचं हं. यूट्यूबवर कॅलिफोर्नियाचे व्हिडिओ बघून लोक गोंधळ घालतात, तिकडे सबकॉन्ट्रॅक्टरने काम सुरू केल्यापासून २० दिवसांत प्रिलिमिनरी नोटीस द्यावी लागते, लिएनला काम पूर्ण झाल्यापासून साधारण ९० दिवस मिळतात, इथे लिएन नोंदवायच्या आधी तशी कुठली नोटीस लागत नाही पण दिवस कमी मिळतात. नियम प्रत्येक स्टेटचे, प्रॉव्हिन्सचे वेगळे.

आपल्यापुढे रस्ते चार. घराच्या टायटलवर लिएन. अ‍ॅडज्युडिकेशन, म्हणजे कोर्टाबाहेर एक तज्ज्ञ माणूस झटपट निकाल देतो ते. ट्रस्टचा दावा, म्हणजे कामाचे मिळालेले पैसे मेन कॉन्ट्रॅक्टरने दुसरीकडे वळवले म्हणून केलेला, हा मुख्यतः सबकॉन्ट्रॅक्टरच्या कामाचा. आणि साधा दावा, रक्कम लहान असेल तर स्मॉल क्लेम्स कोर्टात. यातला कुठला चांगला असं सरसकट विचारण्यात अर्थ नाही, तुमचं काम कुठल्या तारखेला संपलं, तुम्हाला पैसे देणं कोणाचं आहे आणि त्या माणसाला पुढच्या सहा महिन्यांत त्या घराचं काय करायचंय, या तीन गोष्टींवर उत्तर बदलतं.

आधी कॅलेंडर काढा

लिएनचा कायदा म्हणजे कन्स्ट्रक्शन अ‍ॅक्ट, आधी त्याचं नाव कन्स्ट्रक्शन लिएन अ‍ॅक्ट होतं. त्यात तुम्हाला ६० दिवस मिळतात, तेवढ्यात क्लेम लँड रजिस्ट्रीत टायटलवर नोंदवायचा. १ जुलै २०१८ च्या आधी हे ४५ दिवस होते म्हणून जुने लोक अजून ४५ म्हणतात, म्हणू द्या, त्या सवयीने नुकसान कोणाचंच होत नाही. नोंदवलं की संपलं असं मात्र नाही. ते ६० दिवस संपले की त्यापुढच्या ९० दिवसांत सुपीरियर कोर्टात दावा टाकून त्याचं सर्टिफिकेट ऑफ अ‍ॅक्शन पण टायटलवर चढवावं लागतं, नाहीतर लिएन मेला.

उदाहरण घेऊ. ६२,००० डॉलरचं बेसमेंटचं काम, १८,००० बाकी, काम पूर्ण झालं १४ मार्चला. लिएन नोंदवायची शेवटची तारीख १३ मे. कोर्टाचा दावा ११ ऑगस्टपर्यंत. या तारखा हुकल्या तर जज कितीही दयाळू असू दे, मुदत वाढवून द्यायचा अधिकारच त्याला नाही. घरमालक "पुढच्या आठवड्यात देतो, पुढच्या आठवड्यात देतो" करत तुम्हाला नेमका मे उलटेपर्यंत घेऊन जातो, काही जण भाबडेपणाने आणि काही जण वकिलाला विचारून.

दिवस कुठून मोजायचे यात लोक हमखास फसतात. मेन कॉन्ट्रॅक्टर असाल तर कॉन्ट्रॅक्ट पूर्ण झाल्यापासून, किंवा अर्धवट सोडलं असेल, रद्द झालं असेल तर त्या दिवसापासून. मोठ्या कामांत सबस्टॅन्शियल परफॉर्मन्सचं (काम बहुतांश पूर्ण झाल्याचं) सर्टिफिकेट डेली कमर्शियल न्यूजसारख्या ठिकाणी छापलं जातं, ते आधी छापलं गेलं तर घड्याळ तिथूनच चालू होतं. घरगुती कामात असलं काही कोणी छापत नाही. सबकॉन्ट्रॅक्टरला साधारणपणे त्याचा स्वतःचा साइटवरचा शेवटचा दिवस धरतात, वर ते सर्टिफिकेट आधी छापलं गेलं असेल तर तीच तारीख.

आता ती प्रसिद्ध युक्ती. मुदत उलटली की एखादा नळ बदलायला, एक हँडल बसवायला परत जायचं आणि म्हणायचं माझं शेवटचं काम आत्ता झालं. मेन कॉन्ट्रॅक्टरच्या बाबतीत कायद्याने याची सोय आधीच करून ठेवलीय. उरलेल्या कामाची, दुरुस्तीची किंमत कॉन्ट्रॅक्टच्या १ टक्का किंवा ५,००० डॉलर यातल्या कमी रकमेपेक्षा जास्त नसेल तर कॉन्ट्रॅक्ट पूर्ण झालं असंच धरतात. आपल्या उदाहरणात १ टक्का म्हणजे ६२० डॉलर. पाचशे डॉलरचा दरवाजा लावायचा राहिला असेल तरी घड्याळ केव्हाच सुरू झालेलं.

अ‍ॅडज्युडिकेशनचं कॅलेंडर निराळं. ही सोय १ ऑक्टोबर २०१९ पासून आली, आधी अट अशी होती की कॉन्ट्रॅक्ट पूर्ण झालं की दार बंद, म्हणजे ज्याला शेवटचं बिल मिळालं नाही त्याच्याच उपयोगाची नाही, हसावं की रडावं कळायचं नाही. १ जानेवारी २०२६ पासून ते बदललंय, आता कॉन्ट्रॅक्ट पूर्ण झाल्यावर, सोडल्यावर किंवा रद्द झाल्यावर सुद्धा ९० दिवसांपर्यंत नोटीस देता येते. छोट्या कॉन्ट्रॅक्टरसाठी गेल्या काही वर्षांतला सगळ्यात कामाचा बदल माझ्या मते हाच.

ट्रस्टचा दावा आणि साधा दावा, या दोघांना दोन वर्षं. म्हणून ते नंतरही करता येतात, लिएन नंतर करता येत नाही. बाकी काहीही ठरवा पण ६० वा दिवस कॅलेंडरवर लाल करून ठेवा, आणि वकिलाकडे ५८ व्या दिवशी जाऊ नका, त्याला टायटल सर्च करायला, मालकाचं बरोबर नाव आणि प्रॉपर्टीचं वर्णन काढायला वेळ लागतो.

एक होल्डबॅकची भानगड इथेच सांगतो. कायद्याने मालकाला प्रत्येक पेमेंटमधले १० टक्के राखून ठेवायचेच असतात, म्हणजे ६२,००० मधले ६,२०० त्याने लिएनची मुदत संपेपर्यंत ठेवले तर तो बुडवत नाहीये, कायदा पाळतोय. पण गंमत बघा, मुदत संपली की होल्डबॅक देणं भाग, आणि तुमचा लिएनचा हक्क पण त्याच मुदतीबरोबर संपतो, म्हणजे ६१ व्या दिवशी त्याने ६,२०० दिले नाहीत तर तुमच्या हातात लिएन नाही. माणसावर भरवसा नसेल तर मुदतीच्या आतच होल्डबॅकसकट पूर्ण बाकीवर लिएन नोंदवतात. १८,००० चा लिएन, ११,८०० चा नाही.

लिएनने पैसे येत नाहीत, अडतात

लिएन म्हणजे वसुली नव्हे. घराच्या टायटलवर एक नोंद बसते की या घरात या माणसाचे एवढे पैसे आहेत. त्या नोंदीचा मालकाला त्रास झाला तर तो पैसे देणार, नाही झाला तर ती नोंद नुसती बसून राहणार.

त्रास कधी होतो? घर विकायला काढलंय आणि क्लोजिंग जवळ आलंय, तेव्हा खरेदीदाराच्या वकिलाला टायटल स्वच्छ लागतं. मॉर्गेज रिफायनान्स करायचंय, तेव्हा बँक अडते. कन्स्ट्रक्शन लोन टप्प्याटप्प्याने मिळतंय, लिएन दिसला की पुढचा हप्ता थांबतो. या तीनपैकी एक जरी लागू असेल तर लिएनसारखं हत्यार नाही, तुमच्यापेक्षा मालकालाच मिटवायची घाई सुटते. आणि यातलं काहीच नसेल, आजोबा-आजी राहतायत, घर पुढची दहा वर्षं विकायचं नाहीये, किंवा उलट घर आधीच बँकेकडे गळ्यापर्यंत गहाण आहे (घर घेताना काढलेलं आधीचं मॉर्गेज बहुतेक वेळा तुमच्या पुढेच उभं असतं), तर लिएनचा दाब कमी आणि खर्च तेवढाच.

शिवाय मालक लिएन टायटलवरून काढूनही टाकू शकतो. रक्कम अधिक खर्चापोटी तिचे २५ टक्के (किंवा अडीच लाख डॉलर, जे कमी असेल ते) एवढे कोर्टात भरायचे किंवा बाँड द्यायचा, आपल्या उदाहरणात १८,००० अधिक ४,५०० म्हणजे २२,५००, की लिएन घरावरून उतरून त्या पैशांवर जाऊन बसतो. हे तुम्हाला न विचारता करता येतं. बरेच जण हे झालं की हबकतात, मला उलट वाटतं, पैसे कोर्टात पडलेत म्हणजे निदान ते कुठे जात नाहीत, दावा जिंकलात तर वसुलीसाठी दारोदार फिरायला नको. फक्त मालकाची घाई संपते, घर विकून तो मोकळा होतो आणि केस आपल्या गतीने चालते. दावा टाकल्यापासून दोन वर्षांत तो सुनावणीला लावावा लागतो, नाहीतर तोही जातो.

अ‍ॅडज्युडिकेशनमध्ये याच्या बरोबर उलटं. घरावर नोंद वगैरे काही नाही, पण निकाल लवकर येतो. नोटीस द्यायची, अ‍ॅडज्युडिकेटर दोघांनी मिळून ठरवायचा, नाही ठरला तर ओडॅक नावाची संस्था नेमते, मग तुम्ही कागदपत्रं द्यायची आणि ती मिळाल्यापासून ३० दिवसांत निकाल. पैसे द्यायचे निघाले तर १० दिवसांत द्यायचे. नाही दिले तर निकालाची प्रत दोन वर्षांच्या आत कोर्टात दाखल करून कोर्टाच्या ऑर्डरसारखी वसुली करता येते, आणि काम चालू असेल तर तुम्ही काम थांबवू शकता. निकाल अंतरिम असतो, म्हणजे हरलेला माणूस नंतर कोर्टात तोच वाद परत काढू शकतो, पण तोपर्यंत पैसे द्यायला लागतात. "आधी दे मग भांड" हे तत्त्व आपल्या फायद्याचं.

यातली अडचण कागदांची. तीस दिवसांत निकाल द्यायचा म्हणजे तिथे कोणी तासन् तास साक्षी ऐकत बसणार नाही, तुमचं कॉन्ट्रॅक्ट, इनव्हॉइस, फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवरचे "हो भाऊ, तो एक्स्ट्रा बाथरूम पण करून टाका" वाले मेसेज यावरच सगळं. एक्स्ट्रा काम तोंडी ठरलं आणि कुठेच लिहिलं नाही तर अ‍ॅडज्युडिकेटर तरी काय करणार.

इनव्हॉइस नीट असेल तर अर्धी लढाई तिथेच

हे कोणी सांगत नाही म्हणून थोडं थांबतो. २०१९ पासून इथे प्रॉम्प्ट पेमेंटचा नियम आहे आणि तो मोठ्या बिल्डरांनाच नाही, घराचं किचन करून घेणाऱ्या साध्या घरमालकाला पण लागू आहे, त्याला आणि तुम्हाला दोघांनाही माहीत नसतं तो भाग वेगळा. तुम्ही नियमाप्रमाणे इनव्हॉइस दिलं की मालकाने २८ दिवसांत पैसे द्यायचे. द्यायचे नसतील तर १४ दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यायची, किती देत नाही आणि का देत नाही. मेन कॉन्ट्रॅक्टरला पैसे मिळाले की सबला ७ दिवसांत.

नियमाप्रमाणे म्हणजे इनव्हॉइसवर तुमचं नाव-पत्ता, तारीख, कुठल्या काळातलं काम, कुठल्या कॉन्ट्रॅक्टखाली, कामाचं आणि मालाचं वर्णन, किती रक्कम आणि कधी द्यायची, पैसे कोणाच्या नावे पाठवायचे त्याचा फोन, असं सगळं पाहिजे. आपल्या लोकांचं इनव्हॉइस म्हणजे "बेसमेंट बॅलन्स १८,०००" एवढी एक ओळ, ती पण टेक्स्ट मेसेजवर. मग २८ दिवस मोजायला सुरुवात कुठून करणार?

नीट इनव्हॉइस दिलं आणि १४ दिवसांत मालकाने काहीच हरकत लेखी दिली नाही, तर अ‍ॅडज्युडिकेशनला तुमची बाजू बरीच भक्कम होते. "टाइल्स वाकड्या बसवल्यात" हे त्याला तीन महिन्यांनी आठवलं तर तेव्हाच का नाही लिहिलंस, हा प्रश्न येणारच. आणि कॅशमध्ये, एचएसटी (विक्रीकर) न लावता काम केलं असेल तर यातला कुठलाही रस्ता धरताना पोटात गोळा येतो, कारण कोर्टात हिशेब उघडावे लागतात. हा लेखाचा विषय नाही, पण ठरवताना डोक्यात असू दे.

सब असाल तर गणित वेगळं

तुमचं कॉन्ट्रॅक्ट जनरल म्हणजे मेन कॉन्ट्रॅक्टरशी (जीसी), घरमालकाशी नाही. अ‍ॅडज्युडिकेशन तुम्ही जीसीविरुद्धच करू शकता, स्मॉल क्लेम्समध्येही बहुतेक त्याच्याविरुद्धच. जीसीकडेच पैसे नसतील किंवा त्याने कंपनी गुंडाळायला घेतली असेल तर निकाल घेऊन करायचं काय. इथे लिएन खरा उपयोगी, कारण तो मालकाच्या प्रॉपर्टीवर बसतो, मालकाशी एका अक्षराचा करार नसताना.

पण त्यालाही मर्यादा आहे. मालकाने जीसीला बाकी सगळं देऊन टाकलं असेल तर तुमच्या लिएनमागे साधारण तो १० टक्क्यांचा होल्डबॅकच उरतो, आणि तुमच्यासारखे आणखी चार सब असतील तर तेवढ्यातच सगळ्यांचा वाटा. म्हणून वेळ महत्त्वाची. जीसीच्या हालचाली संशयास्पद वाटल्या तर लिएन नोंदवायच्या आधीच मालकाला ठरलेल्या फॉर्ममध्ये लेखी नोटीस ऑफ लिएन देता येते, ती हातात पडली की मालकाला होल्डबॅकच्या वर तुमच्या रकमेएवढे पैसे अडवून ठेवावे लागतात. टायटलला हात लावायचा नाही, कोर्ट नाही, खर्च नाममात्र. ही गोष्ट वापरणारे फार कमी लोक मी बघितलेत. त्याच्या जोडीला मालकाकडे किंवा जीसीकडे लेखी माहिती मागा, कॉन्ट्रॅक्टची किंमत किती, आतापर्यंत दिले किती, बाँड आहे का, त्यांनी २१ दिवसांत सांगायला पाहिजे.

ट्रस्टचा दावा पण सबचाच. कायद्यात असं आहे की जीसीला एखाद्या कामाचे पैसे मिळाले की ते त्या कामावरच्या सब आणि मटेरियलवाल्यांसाठी ट्रस्टमध्ये असतात, त्यांचे देईपर्यंत त्याला ते स्वतःच्या ट्रकच्या हप्त्याला किंवा दुसऱ्या साइटला वळवता येत नाहीत. वळवले तर कंपनीचे डायरेक्टर, ज्यांनी हे जाणूनबुजून होऊ दिलं, ते स्वतः जबाबदार, नुसती कंपनी नाही. ६० दिवस निघून गेलेत, कंपनी रिकामी आहे पण कंपनीच्या मालकाचा ओकव्हिलला बंगला आहे, अशा ठिकाणी हा एकच रस्ता उरतो. ओंटारियो कोर्ट ऑफ अपीलने २०१९ मध्ये दिवाळखोरीच्या केसमध्ये सुद्धा हा ट्रस्ट टिकू शकतो असं सांगितलंय, म्हणजे जीसीने दिवाळं काढलं म्हणून लगेच नाद सोडू नका. तोटा एवढाच की पैसे कुठे गेले हे कागदावर दाखवावं लागतं, वकील चांगला लागतो, स्वस्तात होत नाही.

घरमालकाविरुद्ध मात्र हा दावा सहसा चालत नाही, जीसीने घरमालकावर ट्रस्टचा दावा लावायच्या गोष्टी कराव्यात हे मी ऐकलंय, तो वेळेचा अपव्यय.

सरकारी काम असेल, सिटीच्या कम्युनिटी सेंटरचं वगैरे, तर म्युनिसिपालिटीच्या इमारतीवर लिएन नोंदवता येत नाही, क्लेमची प्रत क्लर्कला द्यायची असते आणि लिएन होल्डबॅकवर बसतो. पाच लाख डॉलर आणि वरच्या सरकारी कॉन्ट्रॅक्टला लेबर अँड मटेरियल पेमेंट बाँड (सब आणि मटेरियलवाल्यांच्या पैशांची हमी) सक्तीचा असतो, सबने तिथे आधी बाँडवर क्लेम करायचा, लिएनच्या मागे नंतर.

खर्च

स्मॉल क्लेम्सची मर्यादा १ ऑक्टोबर २०२५ पासून ३५,००० वरून ५०,००० डॉलर झाली, त्यामुळे घरगुती कामातल्या बहुतेक बाक्या आता त्यात बसतात. तिथे पॅरालीगल (वकील नसलेला, पण परवाना असलेला कायद्याचा माणूस) चालतो, स्वतः उभं राहिलात तरी चालतं. वेळ लागतो, सेटलमेंट कॉन्फरन्स, मग ट्रायल, मग निकाल हातात घेऊन वसुलीची वेगळी कसरत, बँक खातं किंवा पगार शोधा. पण खिशातून जाणारे पैसे कमी.

लिएनची नोंद करून घेणं तेवढं महाग नाही, महाग आहे त्यानंतरचा सुपीरियर कोर्टातला दावा. चार-पाच हजारांसाठी लिएन लावून पुढे दावा टाकायचा म्हणजे वकिलाला पोसणं. पण नुसती नोंद करून बघायची, ९० दिवसांत मालक मिटवतो का, आणि नाही मिटवलं तर लिएन मरू द्यायचा आणि स्मॉल क्लेम्सला जायचं, असं करणारे लोक आहेत आणि मला ते मूर्खपणाचं वाटत नाही, फक्त दावा टाकायचा नसेल तर लिएन टायटलवरून स्वतः काढून घ्या, नाहीतर मालक काढायला कोर्टात गेला तर खर्च तुमच्या अंगावर.

रकमेबद्दल हात आखडता ठेवा. रागाच्या भरात १८,००० चे ३०,००० केले, त्यात मनस्ताप आणि उशीर धरला, तर जाणूनबुजून फुगवलेल्या लिएनसाठी तुम्हीच नुकसानभरपाई द्यायची वेळ येते. बाकीवरचं व्याज लिएनमध्ये बसत नाही, ते दाव्यात वेगळं मागायचं.

अ‍ॅडज्युडिकेटरची फी सहसा दोघांत अर्धी-अर्धी, जिंकलात तरी, आणि आपापल्या वकिलाचा खर्च ज्याचा त्याने. म्हणजे जिंकून सुद्धा थोडे पैसे जातात, पण महिन्या-दीड महिन्यात विषय संपायची शक्यता असते, आणि ज्याला पुढच्या साइटचा पगार द्यायचाय त्याला त्या वेळेची किंमत माहीत असते.

अजून एक, टायटलवर आधी फर्नेस आणि वॉटर हीटरवाले जी सिक्युरिटी इंटरेस्टची नोटीस चढवायचे त्याला लोक लिएनच म्हणतात. ती वेगळी गोष्ट, ग्राहकांच्या घरगुती उपकरणांसाठी २०२४ मध्ये सरकारने तिच्यावर बंदी घातली. कन्स्ट्रक्शन लिएन बंद झालेला नाही, कोणी घाबरवलं तर ऐकू नका.

पुण्यातून येणारा प्रश्न

तिकडे साइट चालवणारे नातेवाईक हे ऐकलं की लगेच विचारतात, आपल्याकडे असं काही आहे का. बिल्डिंगवर चढवता येईल असा लिएन भारतात कॉन्ट्रॅक्टरला नाही, १८७२ च्या करार कायद्यातला जो हक्क आहे तो दुरुस्तीला वगैरे ताब्यात दिलेल्या वस्तूंवरचा, जमीन-इमारतीवरचा नाही. एमएसएमई कायद्यात ४५ दिवसांची मुदत आणि बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे, ऐकायला फार छान, पण वर्क्स कॉन्ट्रॅक्टला तो कायदा लागू होत नाही असं मुंबई उच्च न्यायालयाने धरलेलं आहे, तेव्हा तिथल्या वकिलाला विचारल्याशिवाय त्या भरवशावर राहू नका. इथल्या कॉन्ट्रॅक्टरला टायटलवर जाऊन बसायचा जो हक्क मिळालाय तो तिकडच्या माणसाच्या स्वप्नात पण नाही, आणि इथे लोक तो साठ दिवस झोपून घालवतात.

ओळखीतलं काम

कायद्यात नाही पण आपल्याकडे हाच सगळ्यात मोठा अडथळा. घरमालक मंडळातला, दरवर्षी गणपतीत आरतीला शेजारी उभा राहणारा, त्याच्या घरावर लिएन लावायचा म्हणजे चार लोकांत तोंड कसं दाखवायचं. मग "बघू, देईल तो" करत मुदत निघून जाते, आणि पैसे पण जातात आणि बोलणं पण बंद होतं ते होतंच. अशा वेळी मला अ‍ॅडज्युडिकेशन बरं वाटतं, टायटलवर काही दिसत नाही, बँकेला कळत नाही, कोर्टाची पायरी नाही, तिसरा माणूस सांगतो कोणाचं किती. तेही नको असेल तर ४० व्या दिवसाच्या आसपास एक साधं पत्र, ईमेलने, की अमुक तारखेला माझी लिएनची मुदत संपते, त्याआधी मिटवू या. धमकी नाही, तारीख आहे ती. पत्राचा उपयोग झाला नाही तर लिएन लावायला हातात वीस दिवस उरतात.

मी कोणाला काय सांगेन

घर विक्रीला आहे किंवा बँकेचे हप्ते येणं बाकी आहे, ६० दिवस झालेले नाहीत, रक्कम पंधरा-वीस हजारांच्या वर: लिएन, आजच्या आज वकील गाठा. त्याच्या जोडीला अ‍ॅडज्युडिकेशन पण करता येतं, दोन्हीत एक निवडायची सक्ती नाही. अ‍ॅडज्युडिकेशन चालू असेल तर लिएन नोंदवायची मुदत काही परिस्थितीत थोडी पुढे सरकते असं कायद्यात आहे, पण त्यावर विसंबून राहायला मी कोणाला सांगणार नाही, नोंद आधी करून टाका.

काम अजून चालू आहे, दोन इनव्हॉइस थकलेत, मालक किंवा जीसी वाद घालतोय पण त्याच्याकडे पैसे आहेत: अ‍ॅडज्युडिकेशन. लिएन लावलात तर साइटवरचे संबंध तिथेच तुटतात आणि उरलेलं काम पण जातं.

सब आहात, जीसीचा फोन लागत नाही: आजच मालकाला नोटीस ऑफ लिएन, पाठोपाठ लिएन, आणि ट्रस्टच्या दाव्यासाठी कागद गोळा करायला सुरुवात. तिन्ही.

मुदत गेलीय, कॉन्ट्रॅक्ट संपून ९० दिवसांच्या आत आहात: अ‍ॅडज्युडिकेशनचं दार अजून उघडं असेल. ९० पण गेले, रक्कम ५०,००० च्या आत, मालक स्वतः घरात राहतो आणि नोकरी करतो: स्मॉल क्लेम्स, पॅरालीगल, आणि वर्षभराची तयारी ठेवा.

आणि बाकी तीन हजारांची आहे, कागद काहीच नाही, एक्स्ट्रा काम सगळं तोंडी, इनव्हॉइसवर एचएसटी पण लावलेला नाही? यातलं काही करू नका, भेटून दोन हजारांवर तोडा, पैसे हातात घ्या आणि पुढच्या कामाचं कॉन्ट्रॅक्ट लिहायला बसा.